बर्फ पडेल, पण किती उंचीपर्यंत?

डिसेंबर लागला की या सदराच्या टपालातले पावसाचे प्रश्न आटतात आणि बर्फाचे सुरू होतात. नोकरीची बरीच वर्षं उत्तरेतल्या डोंगरी वेधशाळांमध्ये काढली असल्यामुळे संपादकांनी यंदाची ही सगळी पत्रं माझ्याकडे लोटली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही आठ जण मनालीला जातोय. आईला पडता बर्फ बघायचाय, तेवढ्यासाठीच हा घाट. मोबाइलमध्ये १९ तारखेला बर्फाचं चिन्ह होतं, काल ते गायब झालं, आज २१ तारखेवर आलंय. दुसऱ्या ॲपमध्ये नुसताच ढग. कुणाचं खरं मानायचं? – एक वाचक, सातारा

उत्तर : दहा दिवस आधी दिसणाऱ्या त्या चिन्हाचं तर मुळीच मानू नका. ते चिन्ह कुणा माणसाने विचार करून ठेवलेलं नसतं. संगणकाच्या गणिताचा एक निकाल थेट तुमच्या पडद्यावर येतो, सहा तासांनी नवं गणित सुटतं आणि निकाल बदलतो. अंदाज वर्तवणारी केंद्रं एका गणितावर कधीच विसंबत नाहीत. युरोपीय केंद्र सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच गणित ५१ वेळा सोडवतं. त्या ५१ पैकी ४० वेळा बर्फ आला तर गोष्ट वेगळी आणि ९ वेळा आला तर वेगळी. तुमच्या ॲपला हा फरक दाखवायला जागाच नाही. त्याच्याकडे एक ढग आणि एक चांदणी.

आता कोणती गोष्ट कधी कळते ते सांगतो. हिवाळ्यात हिमालयात बर्फ आणतो तो पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्र, कॅस्पियन समुद्र या पट्ट्यातून निघालेली ही प्रणाली, साधारण १२ किलोमीटर उंचीवरून वाहणाऱ्या पश्चिमी जेट प्रवाहाबरोबर, म्हणजे वेगवान वाऱ्यांच्या पट्ट्याबरोबर, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत आपल्याकडे येते. हिवाळ्यात महिन्याला सरासरी चार-पाच येतात, पण सगळ्यांत दम नसतो. आठ-दहा दिवस आधी फार तर एवढं म्हणता येतं की जेट प्रवाहात एक लाट तयार होतेय आणि ती अमुक आठवड्यात आपल्याकडे पोचेल. चार-पाच दिवसांवर आल्यावर ती जोरदार आहे की नुसतेच ढग आणणारी, हे कळू लागतं. दोन-तीन दिवसांवर बर्फ कोणत्या उंचीपर्यंत उतरेल याचा अंदाज बांधता येतो. आणि सुरू कधी होईल, थांबेल कधी, हे आदल्या दिवशी.

तुमच्या प्रश्नात खरा कळीचा मुद्दा उंचीचा आहे आणि तोच कुणी विचारत नाही. मनाली गाव साधारण २,०५० मीटरवर, सोलंग त्याच्या बरंच वर, अटल बोगद्याचं दक्षिण तोंड ३,०६० मीटरवर, रोहतांग ३,९७८ मीटरवर. दोन-अडीच तासांच्या रस्त्यात एवढा चढ. वर जाताना हवा दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे अंदाजात एका अंशाची चूक झाली की बर्फाची रेषा दीडशे मीटर इकडे नाहीतर तिकडे. एक अंश ही आमच्या धंद्यात चूकही धरत नाहीत, पण तेवढ्यावर माल रोडला पाऊस की बर्फ हे ठरतं. खाली छत्र्या उघडलेल्या आणि वरच्या सफरचंदाच्या बागा पांढऱ्याफटक, हे दृश्य तिथे नेहमीचं.

मोबाइल इथेच फसतो. गणित करताना जमिनीचे चौकोन पाडतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली अंदाजाची नवी प्रणाली, भारत फोरकास्ट सिस्टिम, मे २०२५ मध्ये सुरू झाली, तिचा चौकोन ६ किलोमीटरचा. त्याआधी तो १२ चा होता. ही प्रगती मोठीच. पण मनालीजवळ बियासची दरी अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंचे कडे झपाट्याने चार हजार मीटरच्या वर जातात. ६ किलोमीटरच्या चौकोनात दरी आणि कडा एकत्र येतात आणि त्यांची सरासरी उंची निघते. संगणकाच्या हिशेबातली मनाली खऱ्या मनालीपेक्षा उंच असते, म्हणून थंडही असते, आणि तिथे बर्फ स्वस्तात पडतो. चांगली ॲप ही उंची दुरुस्त करून घेतात, बाकीची नाही. ॲपमध्ये ‘फ्रीझिंग लेव्हल’ म्हणजे शून्य अंशाची उंची दिसत असेल तर बर्फाच्या चिन्हाऐवजी ती बघा. त्यातून दोन-तीनशे मीटर वजा करा, कारण हिमकण शून्याच्या रेषेखाली आल्या आल्या वितळत नाही, थोडं अंतर तग धरतो. शून्याची रेषा २,४०० मीटरवर असेल तर मनालीत काठावरचा मामला. २,८०० असेल तर आईला घेऊन सरळ वर जा.

आणखी एक. तिथे पोचलात आणि पाऊस लागला तर लगेच कपाळाला हात लावू नका. झंझावात येताना आधी दक्षिण-आग्नेयेकडून उबदार, दमट वारा खेचतो. बर्फाची रेषा तेव्हा वर असते. तो पुढे सरकला की वारा वायव्येचा होतो, मागची थंड हवा घुसते आणि रेषा खाली उतरते. मनालीतला बराचसा बर्फ अशा उत्तरार्धात पडतो. अडचण एवढीच की थंडी पोचेपर्यंत ओल संपली तर नुसतं निळं आकाश आणि बोचरा वारा पदरात पडतो. ओल आणि थंडी यांची गाठ किती तास पडणार, हे सांगणं म्हणजे डोंगरातल्या अंदाजकाराची खरी परीक्षा. बाकीचं आता संगणक करतो.

तुमच्यासाठी सल्ला : तारखा ठरल्या असतील तर बदलू नका. निघण्याच्या तीन दिवस आधीपासून शिमल्याच्या हवामान केंद्राचं पत्रक वाचा. त्यात सखल, मध्यम आणि उंच डोंगरी भाग असे वेगळे अंदाज असतात. ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’ हे शब्द तिथे वजन करून वापरलेले असतात : ‘तुरळक’ म्हणजे त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर, ‘बहुतांश’ म्हणजे पाऊण भागाहून जास्त केंद्रांवर. आणि हवामान खात्याचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, तो सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा चालतो. मंगळवारचा बर्फ बुधवारी पहाटे पडला तरी अंदाज बरोबरच आलेला असतो. यावरून लोकांनी आम्हाला फुकटच्या शिव्या घातल्या आहेत.

प्रश्न : नारकंड्याला तापमापकात ३ अंश दिसत असताना बर्फ पडताना पाहिला. बर्फ शून्याला होतो असं शाळेत शिकलो होतो. – विज्ञान शिक्षक, नाशिक

उत्तर : शाळेत शिकलात ते बरोबरच आहे, पण हिमकणाला कळतं ते तुमच्या तापमापकातलं तापमान नव्हे. तो कोरड्या हवेतून पडत असेल तर त्याच्या पृष्ठभागावरून बाष्प उडतं आणि माठातल्या पाण्यासारखा तो स्वतःच गार होत राहतो. म्हणून वेधशाळेतल्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी लावलेले असतात. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळलेली. बर्फाच्या अंदाजाला हा दुसरा कामाचा. दोन हजार मीटर उंचीवर हवा ४ अंशांची असेल आणि आर्द्रता ४० टक्के, तर ओला तापमापक शून्याच्या किंचित खाली दाखवतो. अशा हवेत बर्फ जमिनीपर्यंत पोचतो. उलट २ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असेल तर ओला तापमापक दीड अंशाच्या वरच राहतो आणि बहुधा पाऊस पडतो, नाहीतर पाणचट बर्फ. पारा कमी असूनही बर्फ नाही, तो असा.

कडाक्याच्या थंडीत त्या मलमलीची गंमत बघण्यासारखी असते. वाचनाच्या आधी बराच वेळ ती भिजवून ठेवावी लागते. पाणी गोठायला लागलं की पारा शून्यावर येऊन अडतो आणि हलायचं नाव घेत नाही, कारण गोठताना पाणी उष्णता सोडत असतं. सगळं पाणी गोठून फुग्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला की मग तो झरझर खाली उतरतो. नवशिका निरीक्षक घाईने मधलाच आकडा वहीत लिहून मोकळा होतो आणि वहीतला तो शून्य वरिष्ठाच्या लगेच डोळ्यांत भरतो. पेटीसमोर पाय आपटत, बोटं फुंकत थांबायचं, दुसरा इलाज नाही.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून याच्याच उलटीकडचा एक भाग सांगतो. गोठताना पाणी उष्णता सोडतं, तशी वितळताना बर्फ ती शोषतो. जोराचा बर्फ वितळत खाली येत असेल तर तो वाटेतली हवा थंड करत येतो. त्यामुळे सर जोरदार असली की बर्फाची रेषा स्वतःच खाली ओढली जाते. अरुंद दरीत हवा थोडी, त्यामुळे हा परिणाम आणखी ठळक. नुसत्या भुरभुरीत पाऊसच राहतो आणि सरीने जोर धरला की त्याच जागी बर्फ सुरू होतो. ही सर नेमक्या कुठल्या दरीवर जोर धरील ते अजूनही गणिताला चकवा देतं. कुफ्री, मुक्तेश्वर, लेह इथे गेल्या काही वर्षांत डॉप्लर रडार, म्हणजे ढगातल्या सरी आणि त्यांची हालचाल टिपणारी यंत्रं, बसले, त्यांचा उपयोग इथे होतो. पण रडारचा झोत सरळ रेषेत जातो आणि मध्ये डोंगर आडवा आला की पलीकडची दरी आंधळीच राहते.

प्रश्न : श्रीनगरला होतो तेव्हा उणे ५ होतं, आकाश लख्ख, बर्फाचा कण नाही. मग एका रात्री थंडी कमी वाटली आणि सकाळी सगळं पांढरं! हे उलटं कसं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : उलटं मुळीच नाही. निरभ्र रात्री जमिनीची उष्णता निघून जाते आणि थंड, जड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते. २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा ‘चिल्लई कलान’ काश्मीरात कडक असतो तो अशा रात्रींमुळे. झंझावात जवळ आला की ढगांचं पांघरूण पडतं आणि रात्रीचा पारा वर चढतो. तिथे मुक्कामाला असाल तर किमान तापमानाचा आकडा रोज बघत जा. दोन रात्रींत तो चार-पाच अंशांनी वर गेला तर पश्चिमेकडून काहीतरी येतंय असं समजा.

प्रश्न : हवामान खातं मिलिमीटरमध्ये सांगतं, बातम्यांत फुटांत. हिशेब कसा जमवायचा? – एक वाचक, जळगाव

उत्तर : मिलिमीटर हे वितळलेल्या पाण्याचे. ढोबळ नियम एकास दहा : १० मिलिमीटर पाणी म्हणजे १० सेंटिमीटर बर्फ. पण हा नियम नुसता हाताशी ठेवायचा. शून्याच्या आसपास पडणारा ओला बर्फ एकास पाच इतका दाट असतो. त्याचे गोळे छान होतात आणि झाडांच्या फांद्या त्यानेच मोडतात. ढगात उणे १२ ते उणे १८ च्या पट्ट्यात सहा फाट्यांचे मोठे स्फटिक वाढतात, ते एकमेकांत अडकून फुगीर थर बनवतात आणि प्रमाण एकास पंधरा, वीसपर्यंत जातं. गुलमर्गच्या स्कीवाल्यांना हवा असतो तो हा. म्हणजे ढगातून येणारं पाणी तेवढंच, पण पाऊल घोट्यापर्यंत रुतेल की गुडघ्यापर्यंत, हे थंडीवर.

मोजणी कशी होते तेही ऐका. उघड्यावर पांढरा रंग दिलेली फळी ठेवतात, तिच्यावरचा थर पट्टीने मोजतात आणि फळी पुसून पुन्हा ठेवतात. पर्जन्यमापकात साचलेल्या बर्फात मोजून घेतलेलं कोमट पाणी ओततात, सगळं वितळलं की एकूण मापून आपलं पाणी वजा करतात. वारा असेल तर हिमकण मापकाच्या तोंडावरून उडून जातात आणि आकडा कमीच भरतो. बातमीतला ‘चार फूट बर्फ’ पुष्कळदा आठवडाभर साचलेला, नाहीतर वाऱ्याने भिंतीशी लोटलेला असतो. त्यासाठी अंदाज चुकला म्हणू नये.

प्रश्न : यंदा एल निनो नाही, म्हणजे बर्फ कमी? – एक वाचक, पुणे

उत्तर : त्यावरून सहल ठरवू नका. एल निनोच्या हिवाळ्यात पश्चिम हिमालयात सरासरीहून जास्त पर्जन्य होण्याकडे कल असतो, असं अभ्यास सांगतात. तरीही जानेवारी २०२४ मध्ये, एल निनो असतानाही, गुलमर्गचे उतार महिनाअखेरीपर्यंत उघडे पडले होते. जोमदार झंझावात आलेच नाहीत. मोसमाचा कल शेतकऱ्याला, धरणवाल्याला उपयोगी. तुमच्या चार रात्रींना नाही.

प्रश्न : जानेवारीत केदारकंठा ट्रेक आहे. आमचा लीडर म्हणतो, यलो अलर्ट रोजचाच असतो, मनावर घ्यायचं नाही. शिवाय तो आकाश बघून सांगतो म्हणे. – ट्रेकर, ठाणे

उत्तर : दुसऱ्या गोष्टीबद्दल त्याला पैकीच्या पैकी, पहिलीबद्दल भोपळा.

आकाश खरंच सांगतं. झंझावाताच्या बरंच पुढे, दीड दिवस आधीसुद्धा, उंचावर तंतुमेघ, म्हणजे पिसांसारखे विरळ ढग, येतात, मग त्यांचा पातळ पडदा होतो आणि चंद्राला खळं पडतं. हात लांब करून बोटं ताणलीत तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर म्हणजे चंद्रापासून त्या खळ्याची कड. पुढे पडदा जाडावत जाऊन खळं पुसलं गेलं आणि सूर्य दुधी काचेमागचा दिसायला लागला, की घड्याळ सुरू झालं समजा. मनगटावर उंची दाखवणारं घड्याळ असेल तर मुक्कामावर बसल्या जागी ते बघत जा : उंची आपोआप तीस-चाळीस मीटरने वाढलेली दिसली तर हवेचा दाब उतरलाय. मात्र तुलना काल याच वेळेच्या आकड्याशी करा. दाब रोज दोनदा आपला आपण वरखाली होतो. खळं पडलं म्हणजे बर्फ आलाच, असंही नाही. लाट उत्तरेवरून निघून गेली तर नुसतं खळंच बघून झोपायचं.

आता रंग. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. हे जिल्ह्याला दिलेले इशारे असतात आणि जिल्ह्यात हजार मीटरवरची गावंही येतात. तुम्ही ३,८०० मीटरवर निघालाय. खालच्या गावाला जो पिवळा आहे त्याच दिवशी तुमच्या तंबूवर काय येईल, याचा हिशेब लीडरने वेगळा करायचा असतो. तो झटकून टाकणारा लीडर मला तरी चालणार नाही.

शिवाय बर्फाचा अंदाज आणि हिमस्खलनाचा अंदाज या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. स्खलनाचा इशारा डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई ही संस्था देते आणि त्यात अमुक मीटरच्या वर, असं उंचीचं बंधन स्पष्ट दिलेलं असतं. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत घातक, आणि जोराच्या बर्फानंतरचे २४ ते ४८ तास सर्वांत वाईट. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा सडक संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर स्खलन आलं, ५४ जण सापडले, त्यांतले आठ गेले. लागोपाठच्या जोरदार बर्फवृष्टीतली ही घटना. तेव्हा लीडरला एवढंच विचारा : नवा बर्फ एका रात्रीत दीड फूट पडला, तर आपण कुठल्या वाटेने परत फिरणार? उत्तर पटकन आलं नाही तर तुमचे पैसे परत मागा.

प्रश्न : बर्फ थांबल्यावर लगेच गाडीने निघालं तर चालतं ना? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुपारी चालतं, सकाळी नाही. झंझावात गेल्यावर आकाश उघडतं आणि त्या रात्री मोसमातली कडक थंडी पडू शकते. दिवसा वितळून रस्त्यावर पसरलेलं पाणी पहाटेपर्यंत काचेसारखं गोठतं. ते डोळ्यांना दिसत नाही, डांबर नुसतं ओलं वाटतं. सावलीतली वळणं आणि पूल सर्वांत उशिरा सुटतात. ऊन रस्त्यावर पडून दोन-तीन तास झाल्याशिवाय निघू नका, पायाखालच्या गोठलेल्या थराचा वितळून नुसता राडा झालाय याची खात्री करा, आणि दुपारी चारच्या आत मुक्कामाला पोचा. चाकांना साखळ्या लावणारा स्थानिक चालक मिळत असेल तर स्वतःची गाडी हॉटेलच्या आवारातच राहू द्या.